नानाजींच्या पिकपचं ऑइल प्रेशर

डॅशबोर्डवर एक छोटंसं गोल मीटर असतं. गाडी बरी असते तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बिघडली की कोणाला बघवत नाही. ते ऑइल प्रेशरचं. हल्लीच्या गाड्यांत त्याच्या जागी नुसता लाल दिवा असतो. तो लागला की गाडीवाला मला फोन करून विचारतो, गाडी थांबवू का. आणि हे विचारताना तो ती चालवतच असतो. माझ्या धंद्यातला निम्मा काळ ‘आधी बंद करा’ असं ओरडण्यात गेला. उरलेला, बंद केल्यावर पुढे काय, हे समजावण्यात.

नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. आता ते माझा पुतण्या प्रशांत चालवतो. मी सकाळी जाऊन खुर्चीत बसतो, पेपर वाचतो, तो संपला की पुस्तक वाचतो, आणि मधूनमधून न विचारलेली उत्तरं देतो. या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर ‘आपला प्रेरणादायी प्रवास’ लिहायला सांगितला. मी म्हटलं, साहेब, प्रवास गिऱ्हाइकांनी केला. माझ्याकडे गाड्या आल्या त्या थांबलेल्याच. ते हसले नाहीत. मग मी म्हटलं, एका पिकपबद्दल लिहितो. त्यावर ते ‘बरं’ म्हणाले, पण आवाजात फारसं प्रेशर नव्हतं.

पुढे अडायला नको म्हणून धंद्यातली गोष्ट आधीच सांगून टाकतो. इंजिनाच्या तळाला एक पसरट डबा असतो, आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्यात ऑइल साठतं. एक पंप ते ओढतो आणि नळ्यांमधून वर, फिरणाऱ्या भागांपर्यंत पोचवतो. हे भाग ज्यांच्यात फिरतात त्या बेअरिंगांत ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून लोखंड लोखंडाला खात नाही. लोक ऑइलला इंजिनाचं रक्त म्हणतात. मला ते पटत नाही. मला ते वस्तीतल्या नळासारखं वाटतं. टाकी भरलेली हवी, पंप दमदार हवा, पाइप फुटलेले नकोत, आणि पंपाच्या तोंडाला लावलेली जाळी तुंबलेली नको. यातलं एक जरी बिनसलं तरी शेवटच्या घरात थेंबथेंबच येतं. इंजिनातली शेवटची घरं म्हणजे बेअरिंगं. ती ओरडू लागली की आपल्याला ‘खटखट’ ऐकू येते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून काटा खाली आला की मिस्त्रीनं सोप्या कारणापासून सुरुवात करून अवघडाकडे जायचं. आधी मीटरच खोटं बोलत नाही ना हे बघायचं. मग ऑइल, मग जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, मग चेंबर उघडून जाळी आणि पंप, आणि अगदी शेवटी बेअरिंगं. बेअरिंगं गेली असतील तर इंजिन सगळं खोलून नव्यानं बांधावं लागतं. गिऱ्हाईक मात्र नेहमी शेवटापासून सुरू करतं, कारण त्याला त्याच्या मेव्हण्यानं सांगितलेलं असतं.

एका ठेकेदाराच्या ट्रकचा काटा बरेच महिने खाली होता. त्यानं मीटरच्या काचेवर गणपतीचं स्टिकर लावलं. मी विचारलं, “हे काहून?” तर म्हणतो, “मिस्त्री, काटा दिसला की टेन्शन येते. बाप्पा दिसला की येत नाही.” त्या इंजिनाचं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. बाप्पाचा त्यात काही दोष नव्हता.

दुसरे एक गृहस्थ जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत फेटा बांधून मिरवायचे. त्यांच्या मोटारीचा काटा शून्यावर आला तेव्हा त्यांनी ती ट्रॉलीवर चढवून, ताडपत्री पांघरून, सोबत फोटोग्राफर घेऊन माझ्याकडे आणली. मीटरची वायर उंदरानं कुरतडली होती. मी ती जोडली, काटा उठून बसला. गृहस्थ खूश व्हायचे तर उतरलेच. इतक्या थोर मोटारीला इतका किरकोळ आजार व्हावा, हे त्यांना लागलं असावं.

तर नानाजी.

इतवारीत नानाजींचं भांड्यांचं दुकान. आता ते धाकट्या भावाची मुलं बघतात आणि नानाजी नंदनवनला मुलाजवळ राहतात. त्यांची पिकप त्यांच्या वडिलांनी मँगनीजच्या खाणीच्या लिलावात घेतलेली. परदेशी बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, गोल बॉनेटची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. कंपनी कोणती ते लिहीत नाही. लिहिलं की जुन्या गाड्यांचे शौकीन घरी येतात आणि जेवायची वेळ झाली तरी उठत नाहीत. रंग मुळात हिरवा होता असं नानाजी सांगतात आणि त्यांना विरोध करू शकेल असं त्या काळचं आता कोणी उरलेलं नाही.

या पिकपला एकच काम होतं. नानाजींकडे मोठाले गंज, कढया, पराती, झारे आहेत. ओळखीच्यांत कुठे लग्न असो, बारसं असो, तेरवी असो नाहीतर देवळाचा भंडारा, नानाजी ती भांडी फुकट देतात. अट इतकीच, की भांडी ते स्वतः पोचवणार आणि स्वतः परत आणणार. पोचवली की त्यांना चुलीजवळ खुर्ची मिळे. आचारी येऊन विचारी, “नानाजी, इतक्या तांदळाले हा गंज पुरन काय?” नानाजी डोळे बारीक करून गंजाकडे बघत, जणू तो कालपर्यंत त्यांच्याकडे नव्हताच, आणि मग निकाल देत. दुकान सुटल्यापासून त्यांना दुसरीकडे कुठे कोणी काही विचारत नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी ते पिकप बाळगून होते असं माझं मत आहे. त्यांना मी ते सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका सकाळी पिकप माझ्या दारात येऊन उभी राहिली. इंजिनाचा आवाज ऐकूनच मी खुर्चीतून उठलो.

“बंद करा! नानाजी, आधी बंद करा!”

“अरे, पण आत त घेऊ दे.”

“आत ढकलून घेऊ. तुम्ही बंद करा.”

“ढकलाले का तो हातठेला होय?” असं म्हणत त्यांनी चावी फिरवली.

“काटा कधीपासून खाली आहे?”

“खाली नाही गा. जरासा झुकून राहिला.”

मी खिडकीतून डोकं आत घातलं. मग प्रशांतला चावी नुसती क्षणभर फिरवायला सांगितली. काटा शून्याच्या खुंटीला टेकून गाढ झोपलेला होता.

“याले झुकला म्हणता तुम्ही?”

“माह्या वयात याले झुकलाच म्हणतात.”

इतक्यात मागून त्यांचा मुलगा सुहास कारमधून उतरला. सुहास एका मोठ्या कंपनीत जनरल मॅनेजर आहे. त्याच्या कार्डावर नावापेक्षा हुद्द्याला जास्त जागा दिलेली आहे. पण मुलगा मनानं सरळ. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, मागच्या महिन्यात गाडी उड्डाणपुलावर बंद पडली. पाऊस पडून राहिला होता, अन् बाबा मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी ट्रक थांबवून राहिले होते. मले अनोळखी मानसानं फोन करून सांगितलं. मले रात्री झोप लागत नाही.”

मला हसू आलं होतं, ते गेलं.

बापलेकांत भांडण होऊन एक तोड निघाली होती. उमरेड रोडला एक नवं रिसॉर्ट होतंय, त्यांना दारात उभी करायला जुनी गाडी हवी होती. इंजिन खोलून बांधावं लागणार असेल, तर पिकप तिकडे जाणार. तिचे पार्ट आता मिळत नाहीत, हे नानाजींनाही माहीत होतं. किरकोळ काही निघालं, तर पिकप घरी राहणार आणि सुहास पुन्हा त्याबद्दल शब्द काढणार नाही. किरकोळ की मोठं, हे मी सांगायचं. दोघांनी मला न विचारता मला पंच नेमलं होतं.

आणि दोघांनीही पंचाला गाठलं. सुहास म्हणाला, “काका, मी खोटं बोला म्हणत नाही. पण शंका आली त ती माह्या बाजूनं घ्या.” तो कारकडे गेल्यावर नानाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुह्यासारखा खरा मानूस नागपुरात नाही. म्हणून तुले सांगून राहिलो. थोडंसं खोटं बोल.”

“चेंबर उघडल्याशिवाय मी काहीच बोलत नाही,” मी म्हटलं.

“मंग उघड. पन उघडतानी चांगलं मनात ठेवून उघड.”

आधी मी माझं मीटर लावलं. माझ्या मीटरनंही तेच सांगितलं, म्हणजे काटा खरं बोलत होता. मग ऑइलची पट्टी काढली. इथे पहिलं आश्चर्य. ऑइल कमी असेल असं वाटलं होतं, तर ते खुणेच्या चांगलं वर होतं. कधी कधी पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये येतं आणि पातळी वाढते, पण मग ऑइल पातळ होतं आणि वास लपत नाही. हे ऑइल घट्ट होतं. दोन बोटांत धरून बोटं उघडली की तार सुटत होती, गुळाच्या पाकासारखी. वास ओळखीचा होता, पण गॅरेजमधला नव्हता. कुठला ते काही केल्या आठवेना. मी पट्टी प्रशांतच्या नाकाखाली धरली.

“कशाचा वास येऊन राहिला?”

तो हुंगून म्हणाला, “माहीत नाही काका. पन भूक लागली.”

व्हॉल्व्ह काढून बघितला. त्याची स्प्रिंग शाबूत होती, नुसती चिकट झाली होती. आता चेंबर उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो बेत दुसऱ्या दिवसावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जत्रा भरली. नानाजी सकाळीच येऊन माझ्या खुर्चीत बसले. सुहास सुट्टी टाकून आला. रिसॉर्टकडून एक हेरिटेज सल्लागार आले, सुती कुर्ता, गळ्यात मण्यांची माळ. आणि जेवणाचा डबा घेऊन माई आल्या. माई म्हणजे नानाजींच्या पत्नी, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. लोखंडी खुर्ची दिली तरी त्या लाकडी खोक्यावर बसल्या.

सल्लागारांनी आधी पिकपबरोबर स्वतःचे फोटो काढले. मग बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले.

“आम्हाला हिचा आत्मा जपायचाय,” ते म्हणाले.

“म्हंजे काय करान तुम्ही?” नानाजींनी विचारलं.

“इंजिन काढून टाकू. बॉनेटमध्ये माती भरून बोगनवेल लावू. आत एक स्पीकर बसवू. पाहुण्यांनी हॉर्न दाबला की इंजिनाचा ओरिजिनल साउंड येईल.”

नानाजी खुर्चीत पुढे सरकले. “म्हंजे जितेपनी आतडी काढून घ्याची,” ते म्हणाले, “अन् मंग बोलाले लावाचं.”

“अतिशय सुंदर बोललात,” सल्लागार म्हणाले आणि त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं.

प्रशांत गाडीखाली गेला. आधी ऑइल काढलं. ते पडत नव्हतं, उतरत होतं. काकवीसारखं, घाई नसल्यासारखं. मग चेंबरचे बोल्ट सुटले, चेंबर खाली आलं, आणि मी टॉर्च घेऊन कंबर मोडेस्तोवर वाकलो. (आता खाली झोपत नाही. झोपलो तर उठवायला जॅक लागतो.)

पंपाच्या तोंडाची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर जाड, तपकिरी, चामड्यासारखी साय धरलेली होती. स्क्रू ड्रायव्हरनं टोक उचललं तर ती अख्खी सोलून हातात आली. जाळीच्या एका कोपऱ्यात थोडी जागा मोकळी राहिली होती, तेवढ्यातून इतके दिवस इंजिन श्वास घेत होतं. मी साय उजेडात धरली. तिच्यात काहीतरी लालसर टोचल्यासारखं दिसलं. नखानं खरवडलं, तर तांदळाचा दाणा. बाजूला आणखी एक. कुंकू लावलेले.

“अक्षता आहेत,” मी म्हटलं.

गॅरेजमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नानाजी उठून उभे राहिले.

“माह्या इंजिनात अक्षता? कोनं टाकल्या? या बॉनेटले आजपर्यंत घरातल्या कोनी हात लावला नाही. माह्याशिवाय कोनाची हिंमत नाही!”

माई डब्याचं झाकण घट्ट करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मी लावते.”

“काय लावतं वं?”

“हात. दर दसऱ्याले.”

ही रीत ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याला धंद्याच्या घरात हत्यारांची पूजा असते. नानाजींकडे तराजू, हातोडे, ऐरण, शिवणयंत्र, अलीकडे मिक्सरसुद्धा पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. माईंच्या सासूबाईंनी त्यांना आणखी एक शिकवून ठेवलं होतं. जे फिरतं त्याला फूल वाहून भागत नाही, त्याला तेल द्यायचं. शिवणयंत्राला थेंबभर, घरच्या जात्याच्या खुंट्याला थेंबभर. पिकपचं इंजिन तर सगळ्यांत जास्त फिरणारं, म्हणून त्याच्या तोंडात तेल आणि वर चार अक्षता.

“तुले कोनं सांगितलं तिथं तेल घालते म्हणून?” नानाजी.

“झाकनावरच लिवलं हाय, ऑइल. तेवढं इंग्रजी मले येते.”

मी विचारलं, “माई, तेल कोणतं घालत होत्या?”

“जवसाचं. घानीवरचं. पूजेचं होय ते, दुसरं कोनतं घालीन?”

आणि मला तो वास ओळखू आला. जवसाच्या तेलाची फोडणी! प्रशांतला भूक उगीच लागली नव्हती. आता जवसाचं तेल खायला उत्तम. पण कोणत्याही सुताराला विचारा; दाराखिडक्यांना तो हे तेल लावतो ते त्याच्या एका गुणासाठी, की ते सुकून पापुद्रा धरतं. तव्यासारख्या तापलेल्या इंजिनात ते घातलं तर त्याचा डिंक होतो, आणि तो डिंक जाऊन बसतो जाळीवर.

“किती घालत होत्या?”

“पयले चमचाभर. सासूबाई होत्या तवा.” त्यांनी डबा बाजूला ठेवला. “मंग हे दुकानातून निघाले, एकटेच गाडी घेऊन फिराले लागले. तवापासून वाटीभर.”

“अन् आता?”

“यांच्या डोयाचं ऑपरेशन झालं, तवापासून गडवाभर.”

चमचाभर होतं तेव्हा पिकप रोज धावत होती, ऑइल वेळेवर बदललं जात होतं, त्याबरोबर माईंचा चमचाही निघून जात होता. मग गाडी कमी फिरू लागली, ऑइल बदलायचं राहू लागलं, आणि इकडे मात्रा वाढत गेली. घरातल्या दोघांना नानाजींची काळजी होती. मुलानं रिसॉर्ट शोधलं, बायकोनं गडवा भरला. इंजिनाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच.

नानाजी पुन्हा खुर्चीत बसले. मला वाटलं, आता मोठा भडका उडणार. त्यांनी माईंना विचारलं, “घानीवरचंच होतं ना?”

“मंग काय.”

“मंग बरं.” ते माझ्याकडे वळले. “पाकिटातलं असतं त पहिल्याच वर्षी इंजिन बसलं असतं. घानीचं होतं म्हणून इतकं टिकलं.”

तांत्रिकदृष्ट्या हे धादांत चूक आहे. मी मान डोलावली.

पण सुहास शहाणा. त्यानं नेमका प्रश्न विचारला. “काका, कारण समजलं. पन इतके दिवस ऑइल वर गेलं नाही, त्याचं काय? बेअरिंगं?”

तोच तर प्रश्न होता. जाळी साफ करणं हे तासाभराचं काम. उपाशी राहिलेली बेअरिंगं खराब झाली असतील तर जाळी चकचकीत करून काही उपयोग नव्हता. मी प्रशांतला एक बेअरिंग उघडायला सांगितलं. पंपापासून सगळ्यात लांबचं, कारण दुष्काळ आधी तिथे पडतो. बेअरिंगच्या आतला पृष्ठभाग राखाडी, गुळगुळीत असेल तर ठीक. खालचं तांबं दिसायला लागलं असेल तर संपलं.

प्रशांत पाना फिरवू लागला. सल्लागारांनीही फोन खिशात ठेवला. नानाजी पिकपकडे बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीवरचं टायरच्या कंपनीचं कॅलेंडर वाचत होते, आणि ते दोन वर्षांपूर्वीचं होतं.

प्रशांतनं बेअरिंग माझ्या हातात दिलं. मी फडक्यानं पुसलं. राखाडी. दोन-चार केसाएवढे ओरखडे, बस. मग आणखी एक उघडलं. तेही तसंच.

“कसं काय वाचलं हे?” सुहासनं विचारलं.

“तुह्या बापाच्या ड्रायव्हिंगनं,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. नानाजी इतकी हळू गाडी चालवतात की सायकलवाले त्यांना मागे टाकताना नमस्कार करून, तब्येत विचारून पुढे जातात. त्या वेगात इंजिनावर ताण असा पडतच नाही. दुसऱ्या कोणी दामटली असती तर बेअरिंगांचा पार भुगा झाला असता.

“आयकलं काय?” नानाजी कॅलेंडरकडे बघतच म्हणाले. “अन् सारे म्हणते, म्हातारा रस्ता अडवून राहिला.”

सल्लागारांनी जाता जाता सगळ्यांना कार्ड दिलं. रिसॉर्टच्या दारात आता फायबरची बैलगाडी उभी आहे. बटण दाबलं की बैल हंबरतात, असं ऐकतो.

दोन दिवस आम्ही ते इंजिन धूत होतो. नळ्या, पंप, व्हॉल्व्ह, सगळं काढून साफ केलं. पॅकिंग नवी कापून बसवली. नवं ऑइल घातलं. सेल्फ मारला तेव्हा काटा आधी हलला नाही. मग दचकून उठला आणि मधोमध जाऊन थांबला. प्रशांतनं शिट्टी मारली. माई त्या दिवशीही आल्या होत्या. त्यांनी लांबूनच पिकपला हात जोडले. मी मध्ये उभा होतो, बॉनेटच्या आणि त्यांच्या.

सुहास माझ्याशेजारी उभा होता. पंचाचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला होता आणि त्यानं दिलेला शब्द तो पाळणार होता. हळू आवाजात म्हणाला, “काका, इंजिनाचं झालं. बाबाचं काय?”

“त्यांचं चेंबर मी उघडत नाही,” मी म्हटलं.

नानाजी आत बसून इंजिन ऐकत होते. बराच वेळ. मग त्यांनी ते बंद केलं, खाली उतरले आणि चावी सुहासच्या पुढे धरली.

“घे.”

“काय?”

“चावी. त्या दिवशी पुलावर मले दिसतच नव्हतं, कोन कुठून येऊन राहिलं ते. पावसाचं पानी होतं का डोयातलंच काही होतं, माहीत नाही. मी हात हालवून राहिलो होतो नुसता.” हे त्यांनी माईंकडे न बघता सांगितलं. “तू चालव. भांडी मी पोचवीन.”

“बाबा, मले हे गिअर नाही येत. माही गाडी ऑटोमॅटिक हाय.”

“तुले मॅनेजर होनं तरी कुठं येत होतं? शिकला ना?”

“अन् रविवारी माह्या मीटिंगा असतात.”

“मंग तेरवी सोमवारी करा म्हनून सांगू लोकाईले?”

सुहासनं चावी घेतली. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यानं पिकप चार-पाच वेळा बंद पाडली, आणि दर वेळी शेजारून नानाजींचा आवाज आला, “क्लच! क्लच सोड! अरे सोड म्हंजे एकदम नाही, जरा मायेनं!” माई मधोमध बसल्या होत्या, दोघांच्या कोपरांपासून डबा वाचवत. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पुढच्या सीटवर बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. आधी तिथे पराती असत.

मागच्या दसऱ्याला मी मुद्दाम नंदनवनला गेलो. माई गडवा घेऊन उभ्याच होत्या. ‘देऊच नका’ म्हणणं मला जमलं नसतं आणि त्यांनी ऐकलंही नसतं. मी त्यांना पिकपच्या दारांच्या बिजागऱ्या दाखवल्या. म्हटलं, “माई, हेही फिरतेच.” त्यांनी प्रत्येक बिजागरीला थेंबथेंब दिलं, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. गडवा जवळपास भरलेलाच राहिला. त्या तेलात संध्याकाळी वांग्याची भाजी झाली, तीत माझाही वाटा होता.

तेव्हापासून सुहास बहुतेक रविवारी भांडी पोचवतो. काटा जागेवर आहे, मी महिन्यातून एकदा बघतो. परवा तो एकटाच गॅरेजमध्ये आला, ऑइल बदलायला. माझ्या शेजारी बसून त्यानं मला नंदनवनातल्या एका भंडाऱ्याची हकीकत सांगितली.

गंज उतरवून झाले होते. नानाजी चुलीजवळ खुर्चीत, आचारी त्यांच्यापुढे वाकून उभा. सुहास घामाघूम, हाताला काळं लागलेलं, पिकपच्या पायरीवर बसला होता. पंगती सुरू झाल्या. मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं नानाजींना विचारलं, “हे कोन होय? तुमच्यासंगं आले ते?”

नानाजींनी चुलीवरून नजर न काढता सांगितलं, “डायव्हर होय.”

त्या कार्यकर्त्यानं सुहासला हाक मारली, “ओ डायव्हर भाऊ, हात धुवा अन् बसून घ्या. लाजू नका.” आणि त्याला टेम्पोवाले, मांडववाले, पाण्याच्या कॅनवाले यांच्या ओळीत बसवलं.

“मग तू सांगितलं नाहीस, कोण आहेस ते?” मी विचारलं.

“सांगणार होतो,” सुहास म्हणाला. “पन त्यानं बुंदी आणली. मी पानावर हात आडवा धरला, त तो म्हणते, अरे घे ना भाऊ, तुले गाडी चालवाची हाय. अन् पुन्हा वाढली.” तो हसला. “काका, जनरल मॅनेजरले असा आग्रह कोनी करत नाही.”